सुरईचा सांधा

सुरईची मान तिच्याच पायापेक्षा साडेतीनशे वर्षांनी मोठी निघाली, त्या दिवशी आमच्या घरात कोणी नीट जेवलं नाही.

बातमी सूनबाईने आणली. ती संग्रहालयाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत काम करते. जुनी भांडी कुठल्या मातीची, कुठल्या काळातली, हे यंत्रांवर तपासायचं, हा तिचा उद्योग. आणि ही सुरई जोडली होती माझ्या यजमानांनी, चाळीस वर्षांपूर्वी, त्याच संग्रहालयासाठी. फुटकी भांडी जोडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. लोक त्यांना डिंकआप्पा म्हणायचे, अजूनही म्हणतात. सासऱ्याने जोडलेलं भांडं सुनेच्या टेबलावर तपासणीला आलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"आई, बाबांना कसं सांगू?" दारात चप्पल काढता काढता ती हळूच म्हणाली.

"कशाला सांगायचं? बाबांनी ऐकलं," हे आतल्या खोलीतून म्हणाले. दुकानदाराने हिशेब सांगितला तर यांना ऐकू येत नाही, पण स्वतःबद्दलची कुजबुज भिंतीपलीकडून कळते.

मग ती पाणी प्यायली आणि तिने सगळं सांगितलं.

सुरई चिनी, सेलाडॉन म्हणतात त्या जातीची. मातीच्या भांड्यावर राख आणि दगडाची पूड कालवून लेप द्यायचा आणि धुराने कोंदलेल्या भट्टीत भाजायचं. लेपाची काच होते, आणि त्यातलं चिमूटभर लोखंड त्या काचेला हिरवा रंग देतं. हिरवा तरी कसा? शेवाळाचा नव्हे, पानाचा नव्हे. खोल विहिरीत वरून डोकावल्यावर पाण्याला येतो तसा. मी ती सुरई पूर्वी काचेच्या कपाटात पाहिली होती. मान लांब, पोट गोल, अंगावर बारीक तड्यांची जाळी. तडे म्हणजे दोष नव्हे, काच निवताना आपोआप पडतात, हे मला तेव्हा यांनीच सांगितलं होतं.

"वय कसं काढता गं तुम्ही?" मी विचारलं. मला यांच्या दुःखापेक्षा त्याचीच उत्सुकता जास्त होती, खोटं कशाला बोला.

"भट्टीत भांडं भाजलं की मातीच्या कणांतला सगळा जुना साठा रिकामा होतो," ती म्हणाली. "पुढे वर्षानुवर्षं आजूबाजूच्या मातीतून, दगडातून, खुद्द त्या भांड्यातून न दिसणारे किरण थोडे थोडे येत राहतात आणि कणांत साठतात. आम्ही चिमूटभर भुकटी काढून तापवतो. साठा उजेड होऊन बाहेर पडतो. जितका उजेड जास्त, तितकं भांडं जुनं."

"म्हणजे गळक्या नळाखालची बादली. किती भरली ते बघायचं, नळ कसा गळतो ते ठाऊक असलं की झालं."

"अगदी तसंच, आई."

"आणि आमच्या बादल्या दोन निघाल्या," हे म्हणाले.

"हो, बाबा. पायाची माती आठशे वर्षांची सांगते. मानेची साडेअकराशे." तिने यांच्याकडे न बघता पुढचं वाक्य उरकलं. "असले प्रकार होतात. एका फुटक्या भांड्याचं धड, दुसऱ्याची मान. जोडून अख्खं म्हणून विकतात. संग्रहालयाने ते खोकं कोणाकडून तरी विकतच घेतलं होतं ना."

ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. पण इथे टोपी यांनीच चढवली होती, आणि सगळ्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर काम म्हणून आजवर त्याच जोडाकडे बोट दाखवलं होतं.

मला वाटलं, आता चिडतील. पण हे खुर्चीत पुढे सरकून बसले.

"मला तेव्हाच शंका आली होती," ते म्हणाले. "तुटलेल्या कडेला दात असतात. एकाचा दात दुसऱ्याच्या खाचेत बसला की बोटांना कळतं. इथे दोन्ही कडा गुळगुळीत. तेव्हाच्या साहेबांना विचारलं, त्यांच्या मित्रांना विचारलं. कोणाला सांगता येईना. एकाच खोक्यातून आलीत ना, मग जोडा, म्हणाले. जोडली. तेव्हापासून ती मान माझ्या मानेवर बसली आहे."

"इतकी वर्षं मला बोलला नाहीत?"

"तुला सांगितलं असतं तर रोज विचारलं असतंस."

ते मात्र खरं होतं.

सूनबाई म्हणाली की नवीन दालन उघडतंय, सुरई त्यात मधोमध ठेवायची होती. आता अहवालात 'दोन भांड्यांचा जोड' असं लिहावं लागेल आणि ती गोदामात जाईल.

"जाऊ दे गोदामात," हे म्हणाले. "पण तुझी खात्री आहे का? मला हो किंवा नाही, काहीतरी एक सांग. हातांचं हे असं झालं आहे, उद्या डोळे जातील. त्याआधी कळलं पाहिजे."

त्यांनी हात पुढे केला. तो झाडाच्या पानासारखा थरथरत होता. काम त्यांनी कधीच थांबवलं होतं, हाताचा कंप मात्र थांबत नव्हता.

सूनबाईने तो हात आपल्या हातांत धरला. मग म्हणाली, "उद्या दोघंही चला माझ्याबरोबर."

प्रयोगशाळा मला वाटली होती तशी नव्हती. मला वाटलं होतं, नळ्यांतून रंगीत पाणी उकळत असेल. तिथे होती मऊ स्पंजाची टेबलं, वाकवता येणारे दिवे आणि एका कोपऱ्यात काळ्या पडद्याची खोली. तिथे फक्त लाल दिवा लागतो, कारण साध्या उजेडाने भुकटीतला साठा उडून जातो. क्ष-किरणांचं यंत्र तर केस वाळवायच्या यंत्राएवढंच. भांड्याच्या अंगाला टेकवायचं, खटका दाबायचा, की पडद्यावर डोंगरासारख्या रेघा उमटतात. हा डोंगर लोखंडाचा, हा चुन्याचा, ही टेकडी मँगनीजची.

"मानेचे आणि पोटाचे डोंगर सारखेच दिसतात की," मी म्हणाले.

"दिसतात," आमच्या मागून आवाज आला. मोठे साहेब होते, संग्रहालयाचे प्रमुख. उंच, वाकलेले, आणि चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा शोधणारे. "पण त्याचा अर्थ एवढाच की दोन्ही एकाच परिसरातली. त्या गावांत शेकडो वर्षं तीच माती, तीच राख. एका गावचे म्हणजे एका घरचे नव्हेत. नमस्कार, डिंकआप्पा. तुमचा जोड फार छान आहे. भेसळ असली तरी कारागिरी अस्सल."

"भेसळ माझी नाही, साहेब. मी फक्त डिंक लावला," हे म्हणाले, आणि दोघेही हसले. पण यांच्या हसण्याचा आवाज लवकर थांबला.

सूनबाईचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. ती दोन इवल्या बाटल्यांकडे बघत होती. मानेची भुकटी तिने काठावरच्या टवक्यातून काढली होती. सगळ्या मानेवर काच, उघडी माती दिसते ती फक्त त्या टवक्यात. बारीक ड्रिलने आधी वरची भुकटी काढून एका बाटलीत ठेवली, मग खोलातली दुसऱ्या बाटलीत. वय काढलं होतं वरच्या भुकटीवरून. खोलातली अगदी नखाएवढी होती, म्हणून तशीच पडून होती.

"ही तापवून बघते," ती म्हणाली.

"पुरेल का तेवढी?" साहेबांनी विचारलं.

"पक्का आकडा नाही मिळणार. पण काही तरी बोलेल."

ती पडद्याआड गेली. आम्ही बाहेर बसलो. हे नखाने टेबलाची कड तपासत होते, कुठे जोड आहे का ते. मी साहेबांना त्यांचा चष्मा कपाळावर आहे ते सांगितलं.

सूनबाई बाहेर आली तेव्हा तिच्या भुवया वर गेल्या होत्या. "खोलातली भुकटी तरुण आहे."

"किती?"

"नीट सांगता येत नाही. पण वरच्यापेक्षा बरीच तरुण. एकाच टवक्यात, एका तांदळाच्या अंतरावर, दोन वयं."

"असं कसं होईल?" साहेब म्हणाले. "माती एकाच दिवशी भाजली ना?"

"तेच तर. बाहेरून आत जाताना वय उतरतंय. म्हणजे काहीतरी बाहेरून आलंय."

आणि मग तिने केलं ते मी विसरणार नाही. ती वळली, त्या केस वाळवायच्या यंत्राकडे बघितलं आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून खाली बसली. खुर्चीवर नव्हे, जमिनीवर.

"काय गं? काय झालं?" मी घाबरले.

"आई, मीच. मीच केलं." ती हसत होती की रडत होती, कळेना. "पाय आणि मान एकाच मातीची आहे का, ते बघायला मी उघड्या मातीवर क्ष-किरण सोडले. पायाची कड मोठी, उघडी माती भरपूर. तिथे एका बाजूला किरण सोडले आणि भुकटी दुसऱ्या बाजूने काढली. पण मानेवर उघडी माती फक्त टवक्यात. तो लहान, रेघा नीट येईनात, म्हणून मी पुन्हा सोडले, पुन्हा सोडले. आणि मग भुकटी काढली ती त्याच टवक्यातून."

मला समजायला एक क्षण लागला. "म्हणजे गळक्या नळाखालची बादली होती, आणि तू वरून तांब्यांनी पाणी ओतलंस."

"आणि मग विचारलं, किती वर्षं भरत होती."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे आपणच तिला म्हातारी केली," ते म्हणाले. "या दोन तपासण्यांचा क्रम मलाही लक्षात ठेवायला हवा होता. कागदावर सही माझीच आहे." मग त्यांनी तिला हात देऊन उठवलं. "बरं, आता खरं वय?"

"नवी भुकटी हवी. मानेचीच, पण जिथे किरण लागलेला नाही अशा जागेची."

"मानेवर उघडी माती आणखी कुठे आहे?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. ती माती यांच्या सांध्याच्या आत होती. तिथपर्यंत पोहोचायचं तर सांधा उघडायला हवा.

हे सुरईकडे बघत राहिले. तो सांधा कुठे आहे, हे मला बोटाने दाखवूनही दिसत नसे. त्यांनी भरलेल्या लेपावर तड्यांची जाळीसुद्धा काढली होती, एका केसाच्या कुंचल्याने. त्या वेळी महिनाभर हे घरात सावकाश चालत होते, हाताला धक्का नको म्हणून.

"बाबा, तुम्ही नको म्हणालात तर नाही उघडणार," सूनबाई म्हणाली. "आत्ताच्या चुकीमुळे मी 'दोन भांडी' असंही लिहू शकत नाही. 'निश्चित सांगता येत नाही' असं लिहीन. तशीच दालनात राहील."

आता सोपी वाट समोर आली होती. सुरई दिमाखात मधोमध उभी राहिली असती, यांचं काम लोकांनी वाखाणलं असतं. मी मनात म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

"उघड," हे म्हणाले.

"अहो, पण नंतर जोडायला तुमचा हात..." मी म्हणाले.

"हात नाही, माहीत आहे. उघड तू. निश्चित सांगता येत नाही, हे मला चाळीस वर्षं ठाऊकच आहे. तेवढ्यासाठी यंत्रं कशाला पाहिजेत?"

सांध्याभोवती कापसाचे पट्टे गुंडाळले, त्यावर औषध सोडलं आणि सगळी सुरई प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवली. वाफेने डिंक मऊ होतो म्हणे. आम्हाला घरी पाठवलं. घरी हे दर थोड्या वेळाने म्हणत, "आत्ता वरचा लेप सुटला असेल." "आत्ता डिंक." भात शिजतो का बघावा, तसं त्यांचं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा मान स्पंजावर आडवी होती आणि धड उभं. दोन्ही कडांवर काळपट थर होता. ती चिकटवायची लाख होती, यांच्याही आधीची, कोणीतरी पूर्वी कधी तरी वापरलेली. काढताना काच सुटेल म्हणून यांनी त्या वेळी ती आतून तशीच राहू दिली होती. सूनबाईने ती कापसाच्या बोळ्यांनी उतरवायला घेतली. बोळा फिरवायचा, टाकायचा, नवा घ्यायचा. खाली माती दिसू लागली. राखाडी, बारीक आणि खरंच गुळगुळीत.

साहेबांचा चेहरा उतरला. "दात नाहीत, आप्पा."

"नाहीत," हे म्हणाले. त्यांनाही आता तसंच वाटू लागलं असावं.

सूनबाईने कड सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मग म्हणाली, "इथे एक पातळ थर आहे. माती तीच, पण जास्त बारीक, पाणी घालून गाळलेली. मानेच्या कडेला आहे." तिने धड ओढून घेतलं. "आणि इकडेही आहे."

"दाखव," साहेब म्हणाले. ते वाकले आणि चष्मा यंत्राला आपटला. "हा चिखल आहे. जोडायचा चिखल."

"कोणी लावला?" मी विचारलं.

"कुंभाराने, आई. एवढी मोठी सुरई चाकावर एकदम काढता येत नसेल. पोट वेगळं केलं, मान वेगळी केली, ओली असताना मधे चिखल लावून चिकटवली आणि मग झिलई, म्हणजे तो राखेचा लेप, देऊन भाजली." ती यांच्याकडे वळली. "बाबा, ही मोडलीच नाही. ही तिच्याच सांध्यावर सुटली. म्हणून कडांना दात नाहीत."

यांनी ते ऐकलं, पण लगेच हुरळले नाहीत. कारागीर माणूस. "त्या कुंभाराने अशा शंभर केल्या असतील. सगळ्यांच्या कडा अशाच असणार. ही मान याच धडाची कशावरून?"

"भुकटी बोलेल," सूनबाई म्हणाली.

या वेळी तिने क्ष-किरणाचं यंत्र कपाटात बंद करून किल्ली साहेबांच्या खिशात टाकली. भुकटी लाल उजेडात काढली आणि तापवली. काही दिवसांनी तिने फोनवर सांगितलं, मानही आठशेचीच, पायाएवढीच. मी टाळी वाजवली. हे म्हणाले, "एका वयाची तर निघाली. एका वयाचे लोक गावभर असतात." पण त्या दुपारी यांनी पोटभर खाल्लं, आणि संध्याकाळी मला म्हणाले, "उद्या जाऊन बघू या का, उरलेली लाख निघाली का ते?"

निघाली होती. सूनबाई आमची वाटच बघत होती. तिने मानेच्या आत एक इवलासा दिवा सोडला. "बाबा, हे बघा."

आतल्या बाजूला झिलई पातळ होती, नुसती फिरवून ओतलेली. पण एका जागी ती जास्त होऊन ओघळली होती. हिरवा, जाड ओघळ, मेणबत्तीवरून उतरतो तसा. तो मानेतून खाली येत येत कडेपाशी तुटला होता. इतकी वर्षं लाखेखाली होता.

"आणि हे धड." तिने दिवा खांद्याच्या आत सोडला. तिथेही एक ओघळ होता. कडेपासून सुरू होऊन दोन बोटं खाली उतरलेला, शेवटी थेंब होऊन थांबलेला.

"तोच आहे का?" मी विचारलं.

"रुंदी सारखी वाटते. पण जागा जुळत नाही. सांधा उघडायच्या आधी मी खूण केली होती, मान कशी बसली होती त्याची. त्या खुणेने बसवली तर हा ओघळ इकडे आणि तो तिकडे."

हे एकदम ताठ झाले. "खुणेला काय विचारतेस? ती खूण माझ्या जोडाची. कडा गुळगुळीत, मान गोल. मी ती कशीही बसवलेली असणार!"

साहेबांनी तोंडावर हात ठेवला.

"मी धड धरते," सूनबाई म्हणाली. "बाबा, मान तुम्ही फिरवा."

"माझा हात हलतो."

"हलू दे. खाली स्पंज आहे, मी आहे."

यांनी मान दोन्ही तळव्यांत धरली आणि धडावर टेकवली. हात थरथरत होते, पण मातीवर माती टेकली तसा कंप थोडा कमी झाला. सूनबाईने बारीक कॅमेरा वरून आत सोडला. आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो, हे मात्र आपल्या बोटांकडे.

"फिरवा, बाबा. अजून. अजून थोडं. थांबा, पुढे गेलं. मागे. केसभर मागे."

"आता?"

तिने पडदा यांच्याकडे वळवला.

हिरवा ओघळ मानेतून उतरला, सांध्यावरून न थांबता खाली गेला आणि खांद्यावर थेंब होऊन टेकला. मधे फक्त केसाएवढी काळी रेघ. ओघळाच्या दोन्ही काठांवरचे तडेसुद्धा त्या रेघेवरून पलीकडे गेले होते. ते कोणी कुंचल्याने काढलेले नव्हते.

यांनी तेव्हा कुठे बोटांवरून नजर उचलली. मग हे म्हणाले, "म्हणजे चाळीस वर्षं ही बाई खांद्यावरून मागे बघत उभी होती."

साहेब इतके हसले की त्यांचा चष्मा खरोखरच हरवला. सूनबाईने डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, मी तिला साडेतीनशे वर्षांनी म्हातारी केली. तुम्ही नुसती मान फिरवली. माझं जास्त वाईट आहे."

"भांडू नका," मी म्हणाले. "दोघांनी मिळून तिचे हाल केलेत."

यांनी मान सोडली नव्हती. मला जवळ बोलावून त्यांनी पडद्यावरचा तो थेंब दाखवला, अगदी टोकाचा, गोल, आतून उजळलेला. मी बघत राहिले. आणि माझ्या मनात आलं ते मी विचारलं.

"बाहेरून एवढी गुळगुळीत सुरई करणारा माणूस. मग त्याने आतला ओघळ का नाही पुसला?"

"आत हात जात नसेल," साहेब म्हणाले.

"मान चिकटवताना गेला होता ना?"

"झिलई नंतर देतात, आई," सूनबाई म्हणाली. "पण काडीला कापड गुंडाळून पुसता आला असता." ती विचारात पडली. "कदाचित भट्टीतच ओघळला असेल. कदाचित त्याला दिसलाच नसेल. यासाठी माझ्याकडे यंत्र नाही."

"घाईत होता तो," हे म्हणाले. "बघ, थेंबाची शेपटी थोडी डावीकडे गेली आहे. ओली झिलई ओतून त्याने भांडं लगेच ठेवलं, आणि ठेवताना ते कललं. कोणीतरी हाक मारली असेल."

"कोणी?"

"ते कसं सांगू?" हे म्हणाले. "तो दिवा जरा आणखी आत सोड बघू, सूनबाई."